सिद्धांतांची सांगड आणि काठीचा मजूर

काठीची राजवाडी होळी पेटली की सातपुड्यातील पाडे गजबजतात. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली कुटुंबे सणापुरती परततात आणि पुन्हा वाट धरतात. ज्या राज्याने साऱ्या देशाआधी ‘मागेल त्याला काम’ हा कायदा केला, त्याच राज्यातून ही माणसे मजुरीसाठी सीमा का ओलांडतात? धोरणनिर्मितीच्या सिद्धांतांना उत्तर द्यावयाचे आहे ते या प्रश्नाचे!

हे सिद्धांत एकत्र करावेत, असा विद्वानांचा आग्रह आहे. सांगड घालण्यास माझा विरोध नाही; सारे एकाच भांड्यात ढवळण्यास आहे.

रोजगार हमीचेच पाहा. समस्या, उपाय व राजकारण हे तीन प्रवाह जुळले की धोरणाची खिडकी उघडते, असे जॉन किंग्डन यांनी १९८४ साली मांडले. वि. स. पागे यांच्या कल्पनेचा प्रयोग १९६५ सालीच तासगाव तालुक्यात झाला होता. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. परंतु खिडकी दुष्काळाने एकट्याने उघडली काय? मजुरांचे मोर्चे निघाले, शहाद्याकडे भूमिहीन आदिवासी संघटित झाले, त्यांचे काहीच मोल नाही? येथे पॉल सबाटिये यांची दीर्घकाळ झुंजणाऱ्या आघाड्यांची मांडणी हवी. कायदा १९७७ साली संमत झाला आणि अमलात आला १९७९ साली. शहरी नोकरदारांनी व्यवसाय कर भरला, बंधाऱ्यांचा व रस्त्यांचा लाभ जमीनदारांनाही झाला. आघाडी टिकली ती अशा हितसंबंधांवर.

येथवर दोन्ही सिद्धांत पुरतात. पुढे काय? १९८८ साली हमीची मजुरी दुप्पट झाली आणि कामे आखडली. कायदा जागच्या जागी राहिला. धोरण मात्र बदलले. ते समजण्यास मायकेल लिप्स्की यांचे १९८० चे सूत्र लागते : जनतेशी रोज गाठ पडणारा कर्मचारीच अखेर धोरण घडवतो.

म्हणून सांगड हवी ती क्रमाने : खिडकी कोणी उघडली, कोणी धरून ठेवली आणि कचेरीत ती कोणी लोटून घेतली? तिसरा प्रश्न वगळणारी सांगड सत्तेच्या सोयीची आहे.

कार्यकर्त्यांनी हे ध्यानी घ्यावे. कायदा संमत झाला की आपण विजयसभा घेतो आणि घरी जातो. मजुराची लढाई तेथून सुरू होते. मागणीच्या अर्जाची तारखेसह पोच हाती नसेल, तर कामाचे पंधरा दिवस मोजायचे कोठून? त्या पोचेसाठी कचेरीच्या दाराशी मजुराबरोबर उभे राहणे, हेही धोरण घडवणेच आहे.