कायदा आहे; अभय कोठे आहे?

गर्भपात धर्म्य की अधर्म्य, हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. मालवण किनाऱ्यावरील स्त्रीला भय आहे ते वाडीत नाव फुटण्याचे!

शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींवरून १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला. २०२१ साली काही परिस्थितींत मुदत २४ आठवड्यांवर गेली. तो लाभ अविवाहितेसही नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ठरविले. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नाव फोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदही आहे.

परंतु जेथे एस.टी.तील शेजारीण ओळखीची आणि दवाखान्यातील कंपाउंडरही ओळखीचा, तेथे ही गुप्तता कागदावरच राहते. भयाने विलंब होतो आणि विलंबाने जीव धोक्यात येतो. महात्मा फुल्यांनी हे जाणले होते. १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढताना त्यांनी विधवांना उपदेश केला नाही. गुप्त आसरा दिला.

गर्भस्थ जीवाविषयी कळवळणाऱ्यांची आम्ही कुचेष्टा करीत नाही. पण बदनामीच्या धाकाने गर्भ वाचत नाही. बाई मात्र मरते. म्हणून सिंधुदुर्गातील सरकारी रुग्णालयांनी गुप्तता कसोशीने पाळावी, आणि गावाने आपली जीभ आवरावी!