सोसायटीची कमिटी मनमानी करत असेल तर सभासदाच्या हातात काय असतं?

सप्टेंबर महिना आला की सोसायट्यांच्या नोटीस बोर्डवर वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना लागते आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर वादाला तोंड फुटतं. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ही सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. वादाचे विषय बहुतेक ठिकाणी तेच असतात. हिशेब मागितला तर मिळत नाही. फ्लॅट भाड्याने द्यायचा तर एनओसी अडवली जाते. विकायचा तर 'देणगी' मागितली जाते. प्रश्न विचारणाऱ्याच्या घरातल्या गळतीची तक्रार वर्षभर पडून राहते आणि मर्जीतल्या माणसाला पार्किंग मिळतं.

महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. शहरातल्या मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची कमाई ज्या घरात गुंतलेली असते, त्या घराच्या व्यवहाराच्या नाड्या पाच-दहा शेजाऱ्यांच्या हातात असतात. त्यांनी मनमानी केली तर कायदा काय सांगतो? आणि कायदा असूनही मनमानी का चालते?

कमिटीला अधिकार कुठून मिळतात?

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा मूळ कायदा. गृहनिर्माण संस्थांसाठी त्यात २०१९ साली एक स्वतंत्र प्रकरण जोडलं गेलं. त्याखालोखाल येतात ते उपविधी, म्हणजे बायलॉज. बहुतेक सोसायट्यांनी सहकार खात्याचे आदर्श उपविधी थोड्याफार फरकाने स्वीकारलेले असतात.

या सगळ्या रचनेत सर्वोच्च अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. कमिटीने त्या सभेचे निर्णय राबवायचे, हिशेब ठेवायचा आणि रोजचा कारभार पाहायचा. कमिटीची मुदत पाच वर्षांची असते आणि तिच्या कारभाराला कमिटी सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतात. म्हणजे 'तो निर्णय सेक्रेटरीचा होता' असं म्हणून बाकीच्यांना सहज हात झटकता येत नाहीत.

एक गोष्ट आधी तपासायला हवी. इमारत 'सोसायटी' आहे की 'अपार्टमेंट'? अपार्टमेंटला १९७० चा वेगळा कायदा लागू होतो. खाली दिलेले नियम सहकारी सोसायट्यांचे आहेत.

'सभेत ठराव झालाय' म्हणजे विषय संपला का?

नाही. सभेचा ठराव कायद्यापेक्षा, उपविधींपेक्षा आणि सरकारी आदेशांपेक्षा मोठा नसतो. नेहमीच्या वादांमधली स्थिती अशी आहे:

- भाडेकरू असलेल्या फ्लॅटचं बिनभोगवटा शुल्क: १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवा शुल्क ३,००० रुपये असेल तर हे शुल्क फार तर ३०० रुपये. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ही मर्यादा उचलून धरली.
- भाड्याने देण्याची परवानगी: आदर्श उपविधींनुसार पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी सोसायटीला लेखी कळवणं आणि भाडेकराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत देणं अपेक्षित आहे.
- हस्तांतर शुल्क: फ्लॅट विकताना सोसायटी जे प्रीमियम घेते त्याची महापालिका क्षेत्रातली कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. त्यावर देणगी किंवा इतर कोणत्याही नावाखाली रक्कम घ्यायला उपविधी मनाई करतात.
- उशिरा भरलेल्या मेंटेनन्सवरचं व्याज: २०१४ च्या आदर्श उपविधींत कमाल २१ टक्के, तेही सरळ व्याज. चक्रवाढ नाही.
- स्टिल्ट पार्किंग: बिल्डरला ते स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये दिला. त्याचं वाटप सोसायटीने नियमानुसार करायचं असतं.
- पाळीव प्राणी: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताच्या जोरावरही सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही.

थकबाकीदाराचं पाणी तोडणं हा आणखी एक प्रकार. मेंटेनन्स थकलं तर कायद्याने सोसायटीला रजिस्ट्रारकडून वसुली दाखला मिळवण्याचा मार्ग दिला आहे. पाणी तोडणं हा वसुलीचा मार्ग म्हणून कायद्यात कुठेही नाही.

मग मनमानी चालते कशी?

याचं उत्तर बऱ्याच अंशी सभेतल्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये आहे.

आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेची गणसंख्या एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी कमी असेल ती. म्हणजे २०० फ्लॅटच्या सोसायटीतही २० जण आले की सभा सुरू. तेवढेही आले नाहीत तर? बहुतेक नोटिशींच्या तळाशी एक ओळ छापलेली असते: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल आणि तिला गणसंख्येचं बंधन नसेल. त्या तहकूब सभेत दहा-बारा माणसं लाखोंच्या दुरुस्तीचं कंत्राट मंजूर करू शकतात आणि ते नियमात बसतं.

सभासदांनी स्वतः मागणी करून बोलावलेल्या विशेष सभेला मात्र ही सवलत नाही. तिथे अर्ध्या तासात गणसंख्या भरली नाही तर सभाच रद्द होते. कमिटीने बोलावलेली सभा रिकाम्या खुर्च्यांवर चालते, सभासदांनी बोलावलेली चालत नाही.

निवडणुकीचीही तीच गत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर २५० किंवा त्याहून कमी सभासदांच्या सोसायट्या राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या यंत्रणेबाहेर स्वतःच निवडणूक घेऊ शकतात. छोट्या इमारतींचा खर्च आणि खटाटोप वाचावा हा त्यामागचा हेतू. पण अनेक ठिकाणी उभं राहायलाच कोणी तयार नसतं, म्हणून तीच माणसं बिनविरोध येत राहतात.

इथे कमिटीची बाजूही समजून घ्यायला हवी. हे काम बिनपगारी आहे. लिफ्ट बंद पडली की रात्री अकराला फोन सेक्रेटरीलाच येतो. मेंटेनन्स थकवणारे, नियम धाब्यावर बसवून बांधकाम करणारे आणि प्रत्येक गोष्टीत खोडा घालणारे सभासदही असतात. कडक वागणारा प्रत्येक पदाधिकारी हुकूमशहा नसतो. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे: नियम सगळ्यांना सारखा लागतो का, आणि कागद दाखवले जातात का?

सुरुवात कुठून करायची?

कागदांपासून. लेखापरीक्षण अहवाल, सभांची इतिवृत्तं, सभासद नोंदवही, उपविधी आणि स्वतःच्या व्यवहाराशी संबंधित नोंदी पाहण्याचा आणि शुल्क भरून प्रती घेण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. मागणी लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवावी. व्हॉट्सॲपवरचा वाद पुढे फारसा कामाला येत नाही, तारखेसह असलेलं पत्र येतं.

माहिती अधिकाराचा अर्ज थेट सोसायटीकडे करून सहसा उपयोग होत नाही, कारण सरकारचं भरीव अर्थसाहाय्य किंवा खोलवर नियंत्रण नसलेली सहकारी संस्था 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. पण उपनिबंधकांचं कार्यालय सार्वजनिक प्राधिकरण आहे. सोसायटीने तिथे सादर केलेली विवरणपत्रं आणि लेखापरीक्षण अहवाल तिथून मागता येतात.

दुसरी गोष्ट पैशांची. वादग्रस्त बिल भरायचंच नाही, हा अनेकांचा पहिला उपाय असतो आणि तोच त्यांच्या अंगलट येतो. थकबाकीदार ठरलेल्या सभासदाला कमिटीची निवडणूक लढवता येत नाही. त्यामुळे रक्कम 'हरकत नोंदवून' भरणं आणि तसं पत्र देणं जास्त सुरक्षित ठरतं.

तिसरी गोष्ट संख्येची. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर कमिटीला महिन्याभरात विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. ५० सभासदांच्या सोसायटीत त्यासाठी १० सह्या पुरतात. मात्र सह्या करणारे दहाजणच आले तर पुरत नाही. गणसंख्येसाठी त्या दिवशी २० जण खुर्चीवर हवेत.

दाद कुठे मागायची?

सभासदांची निम्मी धावपळ चुकीच्या दारात जाते. ढोबळ विभागणी अशी:

- उपनिबंधक: कागदपत्रं न देणं, सभा न घेणं, सभासदत्व किंवा हस्तांतर अडवणं, लेखापरीक्षण न करणं. मुदत संपूनही निवडणूक न घेणाऱ्या कमिटीच्या जागी प्राधिकृत अधिकारी नेमण्याचे, कलम ८३ खाली चौकशीचे आणि गैरव्यवहार सिद्ध झाल्यास कलम ८८ खाली संबंधितांकडून नुकसानभरपाई वसूल करण्याचे अधिकारही याच यंत्रणेकडे आहेत.
- सहकार न्यायालय: ठरावाची वैधता, जादा आकारणी, दुरुस्ती आणि गळती, पार्किंगचं वाटप. कलम ९१ खाली दावा करावा लागतो.
- महापालिका: बेकायदा बांधकाम, मोकळ्या जागेचा गैरवापर.
- पोलीस: धमकी, मारहाण, अफरातफर.

सभासदत्वाचा अर्ज तीन महिने निर्णयाविना पडून राहिला तर अर्जदाराला 'मानीव सभासद' ठरवण्याची तरतूदही कायद्यात आहे. शेअर सर्टिफिकेटसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालणाऱ्या अनेकांना ती माहीत नसते.

कायद्यातली खरी अडचण

कागदावर हे सगळं भक्कम दिसतं. प्रत्यक्षात एका उपनिबंधक कार्यालयाकडे मोठ्या संख्येने सोसायट्या असतात आणि सहकार न्यायालयातले दावे वर्षानुवर्षं रेंगाळतात. तोपर्यंत कमिटीची मुदतही संपून जाते.

त्याहून मोठी अडचण खर्चाची. सभासद दावा लावतो तेव्हा वकिलाची फी स्वतःच्या खिशातून देतो. कमिटीचा वकील मात्र सोसायटीच्या पैशातून, म्हणजे त्याच सभासदाने भरलेल्या मेंटेनन्समधून लढतो. आपल्याच विरोधातल्या खटल्याचा काही भार तो स्वतः उचलत असतो. कमिटीचा निर्णय चुकीचा ठरला तरी तो खर्च पदाधिकाऱ्यांकडून वसूल होणं सोपं नसतं. त्यामुळे एकटा सभासद बहुतेक वेळा थकतो किंवा घर विकून निघून जातो.

पुनर्विकासात ही विषमता सगळ्यात महाग पडते, कारण तिथे सही चुकली तर घरच पणाला लागतं. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात सभेचं चित्रीकरण, निबंधकांच्या प्रतिनिधीची उपस्थिती आणि ५१ टक्के सभासदांची संमती अशी चौकट दिली आहे. पण पुनर्विकासाचे असे निर्देश बंधनकारक नसून मार्गदर्शक स्वरूपाचे आहेत, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतली आहे. बारीकसारीक त्रुटीवर बोट ठेवून बहुमताचा निर्णय रोखणं म्हणूनच अवघड जातं. आक्षेप असेल तर तो विकासक निवडण्याआधी, सभेतच आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावा लागतो.

म्हणूनच कमिटीवरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जलद अंकुश न्यायालयात नाही, तर वार्षिक सभेत आहे. सभेला आलेले वीसजण हिशेबाची पानं उलटून प्रश्न विचारू लागले, मागच्या इतिवृत्तातल्या चुका दुरुस्त करून घेऊ लागले आणि पुढच्या निवडणुकीत दोघं-तिघं उभे राहिले, तर पुढच्या अनेक तक्रारी उपनिबंधकांपर्यंत जाणारच नाहीत. सभेची नोटीस किमान १४ दिवस आधी मिळते. हिशेबाची पत्रकं मागवून वाचायला आणि चार शेजाऱ्यांशी बोलायला तेवढा वेळ पुरतो.