तिथी, भरती आणि मुले

कबनूर-इचलकरंजी परिसरातील कुटुंबांना समुद्र परका नाही. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, निवळी असा रस्ता धरला की सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर गणपतीपुळ्याची पुळण लागते. लहान मुले बरोबर असली, घाटात दोनदा थांबावे लागले, तर चार-साडेचार तास लागतात. दिवाळी सरल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हवा सुखाची असते आणि त्या काळात तीन पिढ्या एका गाडीत बसून किनाऱ्याकडे निघालेल्या दिसतात. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट मात्र धरू नये. आठ-नऊ तास गाडीतच जातात, आणि उरलेल्या घाईच्या वेळात समुद्राची वेळ पाहण्याची सवड कोणालाच राहत नाही.

या सहलीची तयारी म्हणजे बहुतेक घरांत डब्यांची तयारी. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसूण न घातलेले भडंग, रव्याचे लाडू, गाळून उकळून थंड केलेले पाणी, सूर्यास्तापूर्वी जेवण कोठे उरकायचे याचा निर्णय, हे सारे आठवडाभर आधी ठरते. या बाबतीत आपल्या गृहिणींना कोणी काही सांगावे अशी स्थिती नाही. (फार तर पाण्याचा एक कॅन अधिक घ्यावा, नाकातोंडात खारे पाणी गेलेली मुले घटाघट पाणी पितात.) परंतु मुले समुद्रात केव्हा उतरणार, केव्हा बाहेर येणार आणि कोणते मूल कोणाच्या हाती राहणार, याचा विचार गाडी किनाऱ्याला लागेपर्यंत कोणी केलेला नसतो. तिथे पोहोचल्यावर तो निर्णय मुलेच घेतात, धावत सुटून.

वास्तविक या तयारीचे साधन आपल्या घरात भिंतीवर टांगलेले असते. अष्टमी-चतुर्दशीचे उपवास, एकासने पाळणाऱ्या घराला तिथी विचारावी लागत नाही; आणि भरती-ओहोटी तिथीवरच चालते. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. पेढीवर बसणाऱ्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असत; त्यांना हे गणित करायला बोटेही लागली नसती. हे ठोकळमान आहे, रत्नागिरीच्या बाजूस भरती तासभर आधीही येते, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या छापील तक्त्यात किंवा मोबाईलवर पाहून घ्यावी. भरती पूर्ण झाल्यावर सुमारे सहा तास ओहोटी, मग पुन्हा भरती, आणि दुसऱ्या दिवशी हे चक्र सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते.

आता चतुर्दशीचे गणित मांडून पाहावे. चौदाचे पाऊणपट साडेदहा. सकाळी साडेदहापर्यंत भरती संपते आणि दुपारी साडेचारपर्यंत पाणी मागे हटत राहते. घाट उतरून आलेले कुटुंब अकरा वाजता किनाऱ्यावर पोहोचते आणि नेमक्या ओहोटीच्या पाण्यात मुलांना सोडते. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असते. पाणी चढतेही अधिक आणि ओढतेही अधिक. पर्वतिथी म्हणून चतुर्दशीला घरी राहणारी आजी अनायासे समुद्राचाही नियम पाळत असते. याउलट अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तिचा चढउतार कमी. रविवार नवमीला आला असेल तर पाऊणपट पावणेसात. तास आधीची धरली तरी भरती पावणेसहापर्यंत चढतीच राहते. तीन ते पावणेपाच मुलांनी पाण्याच्या काठाशी खेळावे, पाच वाजता अंगावरची वाळू धुवावी आणि फेब्रुवारीत साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळण्याआधी जेवण आटोपावे. सकाळच्या वेळी, ऊन चढेपर्यंत, जवळच्या मालगुंड येथील कवी केशवसुतांचे स्मारक मुलांना दाखवून होते.

मात्र तिथी पाहिली म्हणजे काम झाले, असे कोणी समजू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. तो दिवस वद्य अष्टमीच्या सुमाराचा, म्हणजे भांगाचाच होता. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेले ८ विद्यार्थी गेले. तेव्हा पौर्णिमा उलटून चार दिवस झाले होते. ही तरुण, धडधाकट मुले होती. आपल्या भागातील माणूस विहिरीत आणि पंचगंगेत पोहायला शिकतो आणि आपल्याला पोहता येते या भरवशावर समुद्रात शिरतो. नदीची ओढ एका दिशेने असते, ती दिसते. समुद्रात किनाऱ्यावर आलेले पाणी एखाद्या अरुंद वाटेने वेगाने परत जाते, आणि त्या वाटेवर लाटा फुटत नसल्यामुळे तेवढाच पट्टा शांत दिसतो. शांत जागा पाहून मुलांना नेमके तिथेच नेले जाते. अशा ओघात सापडल्यास किनाऱ्याकडे झगडत न येता किनाऱ्याला समांतर सरकावे, हे मोठ्यांनी आधी समजून घ्यावे. गणपतीपुळ्याची पुळण उतरती आहे. चार पावलांत पाण्याची खोली बदलते. तेथील धोक्याचे फलक शोभेसाठी लावलेले नाहीत, आणि जीवरक्षक नको म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये.

हवा भरलेल्या रबरी कड्यावर भिस्त ठेवू नये. शाळेत सर्वांनीच खारे वारे आणि मतलई वारे शिकलेले आहेत. पहाटेपासून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. कड्यात बसवलेले मूल तो हलकेच आत घेऊन जातो. मुलांच्या कपड्यांचा रंगही आधी ठरवावा. निळे, पांढरे, राखाडी कपडे पाण्यात दिसेनासे होतात. भडक नारिंगी किंवा गुलाबी दुरून ओळखू येतो. कापडाच्या धंद्यातील वाचकांनी घरातूनच असा एखादा तागा शोधावा.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र पैशाने विकत मिळत नाही, ती म्हणजे लक्ष. दहा मोठी माणसे किनाऱ्यावर असली की प्रत्येकाला वाटते, दुसरा पाहतो आहे. बुडणारे मूल हाका मारत नाही. त्याला श्वास घेण्यालाच वेळ पुरत नाही, आणि सारे काही एखाद्या मिनिटाच्या आत घडून जाते. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. त्यांपैकी एकाला रजेवर जायचे असेल तर किल्ली मेजावर ठेवून जाता येत नाही. कोणी दिली, कोणी घेतली, कोणत्या वेळी, हे लिहून सह्या होतात. मुलांच्या बाबतीतही हीच शिस्त हवी. निघण्याच्या आदल्या रात्री कोणत्या मुलाजवळ कोण हे नावानिशी ठरवावे. पाच वर्षांखालील प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस, तोही हात पोहोचेल इतक्या अंतरावर. ज्याच्याकडे मूल, त्याच्याकडे मोबाईल नाही. त्याला उठायचे झाले तर ‘आता हिला तुम्ही पाहा’ असे दुसऱ्याला तोंडाने सांगावे, त्याचा होकार ऐकावा आणि मगच उठावे. घरातील वडीलधाऱ्यांना असे बजावून सांगणे सुनेला संकोचाचे वाटते. म्हणून ही पद्धत आजोबांनीच आधी सुरू करावी, म्हणजे पुढे कोणाला अवघडल्यासारखे होत नाही.

तरीही प्रसंग ओढवलाच तर पाण्याबाहेर काढलेल्या मुलाला उलटे धरणे, पोट दाबणे असले प्रकार करू नयेत. श्वास थांबला असेल तर तत्काळ तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा आणि दुसऱ्या कोणी १०८ किंवा ११२ वर फोन करावा. हे घरातील निदान दोघांनी एखाद्या डॉक्टरांकडून आधी शिकून घ्यावे.

परतण्यापूर्वी एक काम उरते. पाठशाळेत मुलांनी द्वींद्रिय जीवांची उदाहरणे पाठ केलेली असतात: शंख, शिंपले, कवडी. समुद्रावर तीच त्यांच्या मुठीत येतात आणि खिशांत भरली जातात. त्यांतील काहींत मूळचा जीव असतो, तर काही रिकाम्या शंखांत लहान खेकडा बिऱ्हाड करून राहिलेला असतो. घरी नेल्यास दोन दिवसांत तो मरतो. मुलांना रागावून खिसे रिकामे करायला लावू नयेत. ओल्या वाळूवर, पाण्याच्या रेषेजवळ सारे शंख-शिंपले मांडावेत आणि गडबड न करता दहा मिनिटे बसावे. जे चालू लागतील ते त्यांच्या वाटेने जातात. बंद मिटलेले शिंपले मुलांनीच उचलून पाण्यात ठेवावेत, आणि उरलेले, रिकामे आणि दुभंगलेले, तेवढे कबनूरला आणावेत.