दोर किती सोडायचा?

नांगर जड असतो म्हणून होडी जागेवर राहते, असं मला परवापरवापर्यंत वाटायचं. चार वर्षं इंजिनिअरिंग केलंय, तरीही! तुम्हालाही तसंच वाटत असेल तर पुढचं वाचाच.

शिमग्याला मालवणला मित्राच्या घरी गेलो होतो. त्याच्या काकांची एक छोटी शिडाची होडी आहे. पौर्णिमेच्या पहाटे आम्ही दोघं ती घेऊन निघालो आणि उजाडताना सिंधुदुर्ग किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात थांबलो. खाली वाळू दिसत होती, पाणी जेमतेम तीन मीटर. नांगर टाकला, बारा मीटर दोर सोडला. भरपूर झाला की! मग डबा उघडला, गप्पा मारल्या आणि चक्क झोपलो.

नऊच्या सुमारास खडखड आवाजाने जाग आली. मतलई वाऱ्याने होडी किल्ल्याच्या दिशेने सरकली होती आणि तटाखालचे खडक हाकेच्या अंतरावर होते. घाईघाईत इंजिन चालू करून नांगर वर ओढला, तर त्याच्या नखीत हाताच्या पंजाएवढा प्रवाळाचा ताजा तुटलेला तुकडा.

घरी काका एवढंच म्हणाले, "बाबू, नांगर वजनान धरणा नाय, दोरान धरता."

यामागचं गणित अगदी साधं आहे. दोर जितका आडवा, तितकी नांगराची नखी वाळूत खोल रुतते. दोर उभा होत गेला की तोच दोर नांगर उपटतो. पाणी तीन मीटर आणि वर नाळेची उंची एक, म्हणजे चार. बारा मीटर दोर म्हणजे तिप्पट, तळाशी वीसेक अंशांचा कोन. पण आम्ही थांबलो ते ओहोटी सरताना. कोकणातला जुना हिशेब सांगतो की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. त्यातही पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत निम्मी भरती येते. नेमके तेव्हा आम्ही झोपलेलो! नऊपर्यंत दोर सव्वादोन पट उरला होता. पूर्ण भरतीला तो दुप्पटच राहिला असता, कोन तीस अंश. नुसता दोर असेल तर पाच ते सात पट सोडावा म्हणतात, तोही भरतीच्या खोलीवर मोजून. म्हणजे तीस ते बेचाळीस मीटर.

ब्रिस्टल चॅनलमध्ये भरती-ओहोटीत चौदा मीटरपर्यंत फरक पडतो. तिथे कुणी हे विसरूच शकत नाही. आपल्याकडे उधाणालाही फरक साधारण दोन मीटरचा, म्हणून तो डोळ्यांत भरत नाही. रविवारी दुपारच्या ट्रॅफिकवर सर्व्हर टेस्ट करून सोमवारी सकाळी तोंडावर आपटणारे आपण, आपल्याला हे नवीन नाही :-)

पण "सगळ्यांनी दोर जास्त सोडा" एवढं सांगून भागेल असं मला वाटत नाही. तीस मीटर दोर सोडला की वारा किंवा प्रवाह फिरल्यावर होडी साठ मीटर व्यासाच्या वर्तुळात कुठेही जाऊ शकते. सीझनमध्ये इथे किल्ल्याच्या, मासेमारीच्या, स्नॉर्कलिंगच्या होड्यांची दाटी असते. एवढी जागा कोण कुणाला देणार? मग प्रत्येक जण आखूड दोर सोडतो किंवा नखी सरळ खडकात अडकवतो. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेट किल्ल्यासाठी निवडलं, तेव्हा शत्रूच्या जहाजांना अडवायला हेच खडक कामी आले. आज त्याच खडकांवर प्रवाळ आहेत. १९८७ साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवचही प्रवाळांना आहे. पण फरपटणाऱ्या नांगराला कायदा कळत नाही. दगडासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे माझ्या हातातला तुकडा तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं लागली असणार. आम्ही तो एका डुलकीत मोडला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: स्नॉर्कलिंगच्या प्रत्येक जागी कायमचे बोये हवेत, पुरेसे हवेत. तळाशी वाळूत काँक्रीटचा ठोकळा, वर तरंगता बोया. होडीने यायचं, बोयाला बांधायचं, नांगर टाकायचाच नाही. फिरायला जागा कमी लागते, होडी सरकत नाही आणि प्रवाळ वाचतात. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा वरचे बोये काढून दुरुस्त करता येतील. खर्च? माझ्यासारख्या पर्यटकांच्या तिकिटातून घ्या. हजार रुपये देऊन मासे बघणारा माणूस पन्नास जास्त देईल. आणि बोया कुठे हवा हे ठरवताना आधी तिथल्या होडीवाल्यांना विचारा. तळ त्यांना पाठ असतो.

काम निघालं तर ते कुणी करायचं यावर वाद होणार, हे मलाही दिसतंय. आपल्या ऑफिसात काय वेगळं होतं?

तो तुकडा आम्ही तिथेच पाण्यात सोडला. फ्रेम करून ठेवायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पुढच्या वेळी तुम्ही मालवणात होडीत बसाल तेव्हा नांगर कुठे पडतोय ते जरा वाकून बघा. आणि होडीवाल्या काकांना विचारा, दोर किती सोडलाय?