दोन उन्हाळ्यांत फाटणारी सीट

नव्या गाडीला दोन वर्षे होत आली असतील, तर दार उघडून ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड एकदा नीट बघा. वळणावर अंग सावरावे म्हणून तिथे फुगीर उशी दिलेली असते. नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड तालुक्यात एका संत्रा बागायतदाराच्या गाडीत ती मी नुकतीच पाहिली. वरच्या काळ्या थराच्या खपल्या सुटलेल्या, शिवणीला लागून बोटभर चीर, चिरेतून आतले राखाडी कापड दिसते. शेजारची सीट नव्यासारखी. गाडीला अजून दोन वर्षे पुरी नाहीत, वॉरंटी तीन वर्षांची. नागपूरच्या वर्कशॉपमध्ये त्यांना उत्तर मिळाले, "दादा, हे वेअर अँड टेअर आहे, वॉरंटीत बसत नाही." जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरहून जास्त रपेट झाली आणि गाडी तशीच परत आली. "दोन उन्हाळे नाही काढले हिनं," एवढेच ते बोलले.

ही तक्रार एरवी महागड्या स्पोर्ट्स कारच्या मालकांची. त्या गाड्या जमिनीलगत असतात आणि सीटच्या कडा उंच. आत शिरताना, बाहेर पडताना माणूस त्या कडेवरून घसरतच जातो. जीन्सची पितळी बटणे, पट्ट्याचे बक्कल, खिशातली किल्ली रोज त्याच चार बोटे जागेवर घासते. आता तशाच उठावाच्या सीट दहा-पंधरा लाखांच्या गाड्यांतही येऊ लागल्या आहेत. आपल्या उंच गाड्यांतून उतरताना तर सगळा भार त्या कडेवर टाकल्याशिवाय पाय जमिनीला लागत नाही. म्हणजे जिथे घासणार हे आधीपासून ठरलेले, तिथेच माल कमी पडतो आहे.

माल कोणता, तेही समजून घेऊ. या किमतीच्या गाड्यांत लेदर म्हणून जे मिरवते ते बहुतेक वेळा लेदरेट असते. कापडावर पीव्हीसीचा किंवा पॉलियुरेथेनचा थर चढवलेला असतो. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये उष्णतेने हळूहळू निघून जातात, मग ते कडक होते आणि तडकते. पॉलियुरेथेनला ओल आणि घाम सोसत नाही. खऱ्या चामड्यावरही रंगाचा आणि त्यावर पारदर्शक लेपाचा थर असतो. आधी घासून जातो तो हा लेप. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. नरखेड-काटोलकडे मे महिन्यात दुपारभर उन्हात उभी राहिलेली गाडी आतून बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. हे ऊन काही गाडी विकल्यानंतर उगवलेले नाही. विदर्भात शोरूम उघडणाऱ्याने विदर्भाचा उन्हाळा धरूनच सीट द्यायला हवी.

कंपन्या सीटची परीक्षा घेत नाहीत असेही नाही. फोर्डने काही वर्षांपूर्वी युरोपात माणसाच्या बैठकीच्या आकाराचा एक रोबो दाखवला होता. तो तीन आठवड्यांत पंचवीस हजार वेळा सीटवर बसतो-उठतो, आणि कंपनीच्याच म्हणण्यानुसार हा दहा वर्षांचा वापर झाला. पुढे तोच रोबो ३६ अंशांपर्यंत तापवून, सुमारे अर्धा लिटर पाण्याने भिजवून, घामाने सीटचे काय होते हेही त्यांनी तपासले. आता आपला हिशेब मांडू. बागायतदार माणूस बाग, मंडी, बँक, कृषी केंद्र असे करत दिवसातून वीस वेळा गाडीत चढला-उतरला असे धरले, तरी दोन वर्षांत चौदा हजार सहाशे वेळा होतात. पंचवीस हजारांपासून आपण फार लांब आहोत. फोर्डचा आकडा सगळ्या कंपन्यांना बांधील नाही, हे मान्य. पण सीटची मोजून परीक्षा घेता येते आणि घेतली जाते, एवढे त्यातून सिद्ध होते. मग जी सीट दोन वर्षांत उकलली तिला 'सामान्य झीज' म्हणणाऱ्याने आपली मोजणी समोर ठेवावी. कितीव्या घासणीला हा थर जायला हवा होता? वर्कशॉपमधला सर्व्हिस अॅडव्हायझर हे सांगू शकत नाही, कारण त्याला ते कोणी सांगितलेलेच नसते. छापील पुस्तिकेतल्या दोन शब्दांवर तो गाडी परत पाठवतो.

माझे म्हणणे एवढेच आहे. बसण्यासाठी केलेली वस्तू बसल्याने वॉरंटीच्या आत फाटली, तर तो दोष मानला पाहिजे. झीज आहे हे दाखवायची जबाबदारी कंपनीवर हवी, ग्राहकावर नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याच दिशेने बोट दाखवतो. पुरेशा चाचणीचा आधार नसताना वस्तूच्या आयुष्याची हमी देणे ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि चाचणी केली होती असा बचाव कोणी घेतला, तर तो सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच टाकलेला आहे.

ग्राहकांनीही आपले घर नीट ठेवावे. सीटवर संत्र्याचे क्रेट घासत नेले, फवारणीच्या औषधाचा डबा सांडला, सॅनिटायझरने सीट पुसली, तर लेप जाणारच, आणि त्या नुकसानीचे बिल कंपनीच्या नावे फाडणे योग्य नाही. वॉशिंग सेंटरवाला कशाने पुसतो, तेही एकदा उभे राहून पाहावे.

खरी गुंतागुंत वेगळीच आहे. गाडी कापडी सीटची घ्यायची आणि डिलिव्हरीच्या दिवशी डिलरकडून 'लेदर कव्हर' चढवून घ्यायचे, ही आपल्याकडची सरसकट रीत. ते कव्हर कंपनीचे की बाहेरचे, हे बिलात लिहिलेले नसले की पुढे डिलर कंपनीकडे आणि कंपनी डिलरकडे बोट दाखवते. त्याचा फटका कसा बसतो ते पाहा. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ मध्ये डिलरकडून टाटाची नवी गाडी म्हणून २००९ चे मॉडेल, तेही सहाशेहून जास्त किलोमीटर चाललेले, दिले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये निकाल लागला तो टाटा मोटर्सच्या बाजूने: डिलरच्या कृत्याची कंपनीला माहिती होती असे तक्रारीत म्हटलेलेच नव्हते, आणि दोघांचे नाते मालक आणि एजंटचे नव्हे, तर दोन स्वतंत्र व्यावसायिकांचे होते. म्हणून तक्रार दोघांवर करा, आणि कोणी काय केले ते वेगवेगळे लिहा. मागणीही बेताची असू द्या. मारुतीच्या एका प्रकरणात २००६ मध्ये त्याच न्यायालयाने गाडी बदलून द्यायला नकार दिला होता. वॉरंटीत दोषी भाग बदलण्याचे वचन आहे, तेवढेच मिळेल, असे सांगून वर खर्चापोटी रक्कम दिली. सीट मागा, गाडी मागू नका.

वाट लांब वाटते, पण तेवढी नाही. कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असो की पुण्याला, आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे नागपूरला, तक्रार करता येते. पन्नास लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगाकडे, दोन कोटींवरचा थेट दिल्लीला. म्हणजे दोन कोटींवरच्या स्पोर्ट्स कारच्या मालकाला राष्ट्रीय आयोगाची पायरी चढावी लागेल, आपल्याला नाही. दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी फी चारशे रुपये. वकील लागतोच असे नाही. भाड्याची गाडी स्वतः चालवून पोट भरणाराही कायद्याने ग्राहकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच हे स्पष्ट केले. दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्यासाठी फाटलेले कव्हर जपून ठेवा, वर्कशॉपमध्ये सोडून येऊ नका.

यापेक्षा सोपी गोष्ट कंपन्यांच्या हातात आहे. सीटचे आवरण किती घासण्या आणि किती तापमान सोसते, हे वॉरंटी पुस्तिकेत टायरच्या दाबासारखे छापावे. आकडा छापला की निम्मे वाद वर्कशॉपच्या काउंटरवरच मिटतील.

तोवर आपल्या बाजूने एक करा. वर्कशॉपने नकार तोंडी दिला, तर गाडी हलवू नका. जॉब कार्डवर तक्रार आणि नकाराचे कारण लिहून सही घ्या, सीटचे तारखेसह फोटो काढा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तक्रारीचे कारण घडल्या दिवसापासून आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते.