दारावरचे लॉगिन काढा

डिजिटल संग्रहांबद्दल गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेक सत्तरी ओलांडलेल्या वाचकांची आहेत. तक्रार एकच : आत शिरताच येत नाही.

एका गृहस्थांना पानशेतच्या पुराची छायाचित्रे पाहायची होती. कॅप्चातली वेडीवाकडी रोमन अक्षरे त्यांना लागेनात. ती कशीबशी भरली, तर ओटीपी टाकेपर्यंत मुदत संपली. पुन्हा पहिल्यापासून. दोन-तीनदा चुकल्यावर खातेच बंद झाले. रविवारी नात आली, तिने उघडून दिले. पाहतात तो नोंदीत एवढेच : ‘पूर, पुणे, १९६१’. त्यांनी बघताक्षणी लकडी पूल ओळखला, मागचा वाडा कोणाचा तेही सांगितले. पण ही माहिती कळवायची सोय पुन्हा लॉगिनच्या आत!

त्या पुराच्या दिवशी, १२ जुलै १९६१ रोजी, पंधरा-सोळा वर्षांची असलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या संग्रहांतल्या कितीतरी छायाचित्रांच्या नोंदीत ना स्थळ, ना व्यक्ती. ते सांगू शकणाऱ्यांनाच आपण बाहेर उभे करतो आणि वर ‘ज्येष्ठांचा प्रतिसाद नाही’ असे अहवालात लिहितो. याची चीड येते.

अधिकाऱ्यांचे ठरलेले उत्तर म्हणजे ‘गैरवापर टाळण्यासाठी’. मूळ टिफ प्रती कुलपात ठेवा, कोण नको म्हणतो? पाहण्यापुरती हलकी जेपीईजी उघडी ठेवायला काय हरकत आहे? लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षे उलटून हक्क संपलेल्या मजकुरालाही ओटीपी कशासाठी? नोंदणीकृत सभासदांचा आकडा फुगतो, एवढाच त्याचा उपयोग दिसतो.

ग्रंथपालांनो, सॉफ्टवेअर बदलण्याची वाट पाहू नका. आठवड्यातून एक दुपार वाचनकक्षातला संगणक ज्येष्ठांसाठी राखा, शेजारी एक सेवक बसवा. छायाचित्र मोठे करून दाखवा आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. मूळ वर्णन खोडू नका. सांगणाऱ्याचे नाव, वय, तारीख आणि ‘मौखिक माहिती’ असा शेरा टिपेच्या रकान्यात घाला. दोघांचे म्हणणे जुळले नाही तर दोन्ही ठेवा. संग्रहात मोडी कागद असतील आणि ते वाचणारे कोणी गावात असतील तर त्यांना घरी जाऊन आणा, रिक्षाभाडे संस्थेने द्यावे.

ज्या संस्था पाहण्यापुरते लॉगिन काढतील त्यांनी आम्हाला कळवावे. पुढच्या अंकापासून त्यांची नावे पहिल्या पानावर छापू.