खुर्ची मोठी, निर्णय कोणाचा?

गुगलला आपला क्रोम ब्राउझर विकावा लागणार नाही, असा निकाल अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी २ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. योगायोग असा, की क्रोम पहिल्यांदा लोकांपुढे आला तोही २००८ सालच्या २ सप्टेंबरलाच. मधल्या सतरा वर्षांत हा ब्राउझर एवढा बलाढ्य झाला, की तो कंपनीपासून तोडावा अशी मागणी खुद्द अमेरिकी सरकारने केली. निकालाच्या कायदेशीर बाजूची चर्चा पुष्कळ झाली. मात्र त्याला आणखी एक बाजू आहे आणि ती एका पेशाची आहे. क्रोमचा आग्रह धरणारे सुंदर पिचाई २००४ मध्ये गुगलमध्ये दाखल झाले ते प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून. आज पुण्या-बंगळुरूतील अनेक जण ज्या ‘हेड ऑफ प्रॉडक्ट’ पदाकडे डोळे लावून बसले आहेत, त्या पदाचा अर्थ या वाटचालीत स्पष्ट दिसतो.

प्रॉडक्ट मॅनेजर हा तसा चमत्कारिक पेशा. काय बनवायचे, कोणासाठी आणि आधी काय, हे त्याने ठरवायचे. पण बनवणारे इंजिनीअर त्याच्या हाताखाली नसतात. या कल्पनेचे मूळ साबणाच्या धंद्यात आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बलमधील नील मॅकएलरॉय या तरुण अधिकाऱ्याने १३ मे १९३१ रोजी तीन पानी टिपण लिहून, प्रत्येक ब्रँडसाठी स्वतंत्र जबाबदार माणसे हवीत, असा आग्रह धरला. त्याच्याकडील कॅमे साबणाला कंपनीच्याच आयव्हरीशी झुंजावे लागत होते. (हे गृहस्थ पुढे कंपनीचे अध्यक्ष आणि १९५७ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले!)

पिचाई यांच्याकडे सुरुवातीला गुगल टूलबारचे काम होते. दुय्यमच वाटावे असे. पण लोक गुगलपर्यंत प्रामुख्याने मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमधून पोहोचतात आणि त्या दाराची किल्ली आपल्याकडे नाही, हा धोका तिथूनच ठळकपणे दिसत होता. स्वतःचा ब्राउझर काढण्यास तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी एरिक श्मिट यांचा अनेक वर्षे विरोध होता. चालता नमुना पाहिल्यावर तो मावळला.

इथवरची कथा उत्तम प्रॉडक्ट मॅनेजरची आहे. मार्च २०१३ मध्ये अँड्रॉइड आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये शोध, नकाशे, जाहिराती असा बहुतेक सारा संसार त्यांच्याकडे आला, तेव्हा कामाचे स्वरूपच पालटले. ‘माझे उत्पादन’ असे काही उरले नाही. अँड्रॉइड आणि क्रोम-ओएस या एकाच घरातल्या दोन ऑपरेटिंग सिस्टिम. एक ठेवायची की दोन्ही? दोन्ही राहिल्या. त्या एकत्र आणण्याचे गुगलने सांगितले ते २०२५ मध्ये. हा निर्णय इतका लांबणे योग्य होते का, यावर वाद घालता येईल; पण लांबवण्याचा अधिकार आणि त्याची किंमत, दोन्ही वरच्या खुर्चीचीच. कनिष्ठ पदावरचा माणूस आपल्या उत्पादनासाठी भांडतो. वरिष्ठ झाल्यावर त्याला दुसऱ्याने जीव ओतून उभे केलेले काम थांबवावे लागते आणि त्या दुसऱ्याला कंपनीत टिकवूनही ठेवावे लागते. पुष्कळ हुशार माणसे इथेच अडखळतात. पडद्यावरचे बटण डावीकडे की उजवीकडे, यातून त्यांचे मन निघत नाही आणि हाताखालच्यांचे कारकून होतात. जबाबदारीही अशी, की ती पाठ सोडत नाही. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी पिचाई याच खटल्यात साक्षीला उभे राहिले. आयफोनवरील शोधाची जागा आपल्याकडे राखण्यासाठी गुगलने अ‍ॅपलला एकट्या २०२२ या वर्षात २० अब्ज डॉलर दिल्याचे या खटल्यातून उघड झाले. टूलबारच्या काळातली दाराची धास्ती ती हीच.

आपल्याकडची अडचण निराळी आहे. आपला आयटी उद्योग वाढला तो सेवेवर. काय बनवायचे ते ग्राहकाने ठरवायचे, आपण माणसे आणि तास मोजायचे. पुण्यात १९९० साली स्थापन झालेल्या पर्सिस्टंटने सॉफ्टवेअर उत्पादने घडवण्यात नाव कमावले, तेही मुख्यतः दुसऱ्यांची. आता बहुराष्ट्रीय कंपन्यांची स्वतःची केंद्रे आली आहेत. ‘नॅसकॉम’च्या माहितीनुसार २०२३-२४ मध्ये ती १,७०० हून अधिक होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करत होते. हिंजवडी-खराडीत ‘डायरेक्टर, प्रॉडक्ट’च्या पाट्या त्यामुळे दिसू लागल्या, हे स्वागतार्हच. पण किंमत, अंदाजपत्रक आणि उत्पादन बंद करण्याचा निर्णय अनेकदा मुख्यालयातच राहतो. रात्रीच्या बैठकीत येथील डायरेक्टरला तो कळवला जातो, इतकेच.

हे फार काळ खपणारे नाही. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून गरजांचे दस्तऐवज, बैठकांची टिपणे, ग्राहकांच्या तक्रारींचा गोषवारा यांचे कच्चे मसुदे यंत्र करू लागले. ज्यांचा दिवस एवढ्यातच जात होता, त्यांची खुर्ची डळमळीत आहे. एअरबीएनबीचे ब्रायन चेस्की यांनी २०२३ मध्ये, आपल्या कंपनीत हे काम जुन्या स्वरूपात ठेवलेले नसून ते मार्केटिंगशी जोडले आहे, असे सांगितले, तेव्हा समोर बसलेल्या डिझायनर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत थोडा हिशेब चुकता केल्याचा आनंद असावा.

तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर, गृहकर्जाचे हप्ते चालू असताना ज्याच्या हाती असे नेमणूकपत्र येते, त्याने पगाराच्या आकड्याबरोबर आणखी काही विचारून घ्यावे. उत्पादनाची किंमत कोण ठरवते? मागच्या वर्षी बंद केलेले उत्पादन कोणाच्या सहीने बंद झाले? ग्राहकाला थेट भेटता येईल, की विक्री विभागामार्फतच? साऱ्या प्रश्नांची उत्तरे मुख्यालयाकडे बोट दाखवत असतील, तर ती जागा समन्वयकाची आहे. पगार चांगला, काम प्रतिष्ठेचे. फक्त पाच वर्षांनी दुसरीकडे मुलाखतीला गेल्यावर ‘तुम्ही स्वतः काय ठरवलेत?’ असे विचारतील, तेव्हा सांगण्यासारखे फारसे काही हाती नसेल.